जर्मन पाव्हण्याची चौकशी

आमच्या ह्यांना जर्मन माणसाबद्दल कुणी वाकडा शब्द बोललेला चालत नाही. देवाबद्दल बोला, पुढाऱ्यांबद्दल बोला, माझ्या माहेराबद्दल तर ते स्वतःच सुरुवात करतील. पण जर्मन माणूस म्हटला की आवाज खाली आणायचा. जन्म गेला त्यांचा एमआयडीसीतल्या फौंड्रीत. उमेदीच्या काळात तिथं साचे करायचं एक जर्मन मशीन आलं, ते बसवायला एक जर्मन फिटर आला, काही दिवस राहिला आणि गेला. तो त्याच्या देशाला गेला, आमच्या घरातनं मात्र अजून गेलेला नाही. तो संध्याकाळी प्रत्येक पाना पुसून ठेवायचा. मशीनवर कुणी चहाचा कप ठेवला तर अंगावर धावून यायचा. सुट्टीचा भोंगा होईस्तोवर हात धुवायचा नाही. हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो बाप्या उद्या महाद्वार रोडला दिसला तर न बघता ओळखीन. आमच्या भिंतीवर हातोडी, पक्कड, करवत टांगलीय आणि प्रत्येकाच्या मागं त्याच्या आकाराची रेघ मारलीय, म्हणजे कुठलं हत्यार जागेवर नाही ते लांबनं कळावं. मी एकदा गॅसच्या नळीसाठी पक्कड घेतली आणि परत ठेवायची विसरले, तर दोन दिवस अबोला. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आमच्याकडं जुनी माणसं जर्मनचं पातेलं म्हणतात, त्याचंसुद्धा श्रेय ह्यांनी त्या फिटरच्या खानदानाला देऊन टाकलं होतं.

मला हसू यायचं. माणसाला एखादं खूळ असायचंच. शेजारचे काका कबुतरं पाळतात, हे जर्मन पाळतात, असं मी म्हणायचे. पण हे खूळ माझ्या पोरीच्या लग्नापर्यंत येऊन पोचलं तेव्हा मला हसू येईना.

आम्हाला दोन मुली. थोरली इथंच, रंकाळ्याच्या बाजूला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. धाकटी शिकायला जर्मनीला गेली ती तिकडंच नोकरीला लागली. तिला तिकडं पाठवताना ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. गेल्या थंडीच्या आधी तिचा फोन आला. म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय, चिडू नको." आई चिडू नको असं पोरगी म्हणाली की आईनं काय समजायचं? तिला तिथला एक मुलगा आवडला होता आणि जानेवारीत ती त्याला घेऊन घरी येणार होती.

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन काढून घेतला. बाहेर गॅलरीत जाऊन आधी पोरीशी बोलले, मग त्या मुलाशी, आपल्या मोडक्या इंग्रजीत, बराच वेळ. आत आले ते छाती काढून.

"ठरलं," म्हणाले.

"काय ठरलं?"

"अगं, पोरगा जर्मन हाय!"

"ते कळलं. आणि काय हाय?"

"आणि काय पायजे?"

माझ्या संशयाला सुरुवात झाली ती इथनं. कारण हे वाक्य कोण बोलत होतं ते ऐका. आमच्या सगळ्या भावकीत, पै-पाव्हण्यांत, कुणाच्या पोरीला स्थळ आलं की चौकशीला ह्यांना पाठवायचे. दुसरं कुणी जाऊन आलं तरी, "दाजी जाऊन आलंत काय?" असं विचारल्याशिवाय सुपारी फुटायची नाही. ह्यांची एक पद्धत होती. जुना सदरा घालायचा, एसटीनं त्या गावात जायचं, आणि म्हैस बघायला आलोय म्हणून सांगायचं. म्हैस बघणाऱ्या माणसाशी सगळे बोलतात. सकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीपुढं उभं राहायचं, मग न्हाव्याकडं दाढीला बसायचं, मग चहाच्या गाड्यावर. अमक्याच्या म्हशीपासनं सुरुवात करायची आणि हळूच अमक्यावर यायचं. म्हैस चांगली हाय, पण मालक पितो. म्हैस गरीब हाय, पण म्हातारीचं तोंड लई वाईट. संध्याकाळपर्यंत त्या घराची कुंडली ह्यांच्या खिशात. किती लग्नं मोडली असतील ह्यांनी, आणि खरं सांगते, काही बरी मोडली. त्यातली एक पोरगी अजून दिवाळीला येऊन ह्यांच्या पाया पडते.

पण थोरलीचं? काही वर्षांमागं थोरलीला राधानगरीकडचा एक जनावरांचा डॉक्टर आवडला होता. औषधं न्यायला दुकानात यायचा, तिथं ओळख झाली. त्याचं आधी एक लग्न झालेलं होतं, वर्षभरात मोडलं, मूलबाळ नव्हतं, दोघांनी राजीखुशीनं सोडलं. हे त्यानं तिला पहिल्यांदा चहा पिताना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि तिनं आम्हाला. हे म्हणाले, बघून येतो. गेले सदरा घालून. गावात म्हणाले म्हैस बघायची, तर लोक म्हणाले, मग आमच्या डॉक्टरांनाच विचारा की! आणि नेऊन बसवलं त्याच मुलापुढं. त्यानं ह्यांना ओळखलं नव्हतं. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं, ती समोरची म्हैस घेऊ नका काका, तिचं वय चोरून सांगत्यात. एवढा सरळ माणूस. तरी हे घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "पयली बायको गेली म्हंजे घरात कायतरी खोट हाय. बाई उगच जात न्हाय." झालं. मी म्हटलं, अहो, त्या पहिल्या बायकोकडं तरी जाऊन विचारा. तर मलाच गप्प केलं. थोरली त्या दिवशी जेवली, भांडी घासली, झोपली. रडली नाही की बोलली नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्थळाला ती नको म्हणते, आणि तेसुद्धा भाजीला मीठ नको म्हणावं इतक्या सहज.

तेव्हा माझं म्हणणं एकच होतं. जी चौकशी थोरलीच्या माणसाची केलीत ती धाकटीच्या माणसाची करा. जास्त नको, कमी नको. तसं झालं नाही तर थोरलीनं ह्या घरात कुठल्या तोंडानं राहायचं? हे मी ह्यांना स्वच्छ सांगितलं.

"जर्मनीत जाऊन म्हैस बघू व्हय?" हे म्हणाले.

"पोरीला विचारा. फोन करा. त्याच्या आईबापाशी बोला."

"जर्मन माणूस खोटं बोलत न्हाय," म्हणाले आणि टीव्ही लावला. मला नवल वाटलं. ज्या माणसाला स्वतःच्या मेव्हण्याचा भरवसा नाही तो न बघितलेल्या माणसाची हमी द्यायला लागला होता. कायतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हाच वाटलं.

जानेवारीत आली दोघं. मुलगा दिसायला बरा, उंच, कपाळ मोठं, वय मात्र मला धाकटीपेक्षा बरंच जास्त वाटलं. दारात वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "कसं काय, बरं हाय का?" धाकटीनं शिकवलं होतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मनात म्हटलं, तोंडानं गोड दिसतोय, बघूया.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं चटणी-मसाला कांडपाचं मशीन आहे. चटणीचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता, मिरच्या बाजारात आल्या नव्हत्या, तरी त्या आठवड्यात गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना गरम मसाला कुटायची आठवण झाली. एकेक जण पावशेर धने घेऊन यायची आणि आत वाकून बघायची. "जर्मन हाय व्हय?" "व्हय." "मग काय बघायलाच नको, नशीब काढलं पोरीनं." कुणी विचारलं नाही, पितो का. कुणी विचारलं नाही, घरी कोण कोण असतं. आमच्याच गल्लीत शाहूवाडीचं स्थळ आलं तेव्हा ह्याच बायकांनी मुलाच्या चुलत आजोबांचं दुखणं काय होतं इथपर्यंत चौकशी केली होती.

आणि नोकरी काय त्याची? मी धाकटीला विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "आई, तो नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर असतो. पाणी तपासायचं, लोकांवर लक्ष ठेवायचं, मुलांना पोहायला शिकवायचं. तीन वर्षं शिकावं लागतं त्याला." चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. बुडणाऱ्याला वाचवायचं, आणखी काय पाहिजे? पण हे गल्लीत सांगत फिरत होते, "जावई जलव्यवस्थापनात हायत." आमच्या भागातला तलावावरचा जीवरक्षक मुलगा कुणी सांगून आणला असता तर ह्यांनी सांगणाऱ्याला चहासुद्धा दिला नसता.

बरं, त्या फिटरचा एक तरी गुण असावा ह्याच्यात? सकाळी नऊपर्यंत झोपायचा. चष्मा कुठं ठेवला ते रोज शोधायचा. एकदा दुपारी ह्यांची पक्कड घेऊन सायकलची चेन बसवत बसला आणि पक्कड तिथंच अंगणात टाकून आत आला. मी श्वास रोखून बघत होते. ह्यांनी पक्कड उचलली, पुसली, जागेवर लावली आणि म्हणाले, "दमलाय बिचारा, लांबचा प्रवास झालाय." प्रवासाला आठवडा होऊन गेला होता. माझ्या डोक्याची शीर उठली.

पण माझा खरा संशय होता तो गच्चीवर. रोज रात्री जेवणाच्या आधी तो फोन घेऊन एकटाच वर जायचा. धाकटी जायची नाही, खाली भाकऱ्या थापायची. मी एकदा वाळत घातलेल्या कपड्यांच्या निमित्तानं जिन्यात थांबले. तो हळू आवाजात बोलत होता, हसत होता, आणि मधेच गाण्यासारखं काहीतरी म्हणत होता. फोनमधनं बारीक बाईमाणसाचा आवाज येत होता. मी खाली येऊन ह्यांना सांगितलं, तर हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "आईशी बोलत असंल." आईशी गाणं म्हणत कोण बोलतं? आणि हे माझ्याकडं बघत का नव्हते?

त्याच सुमाराला कबुतरवाले काका चहाला आले. निवृत्त माणूस, मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. खुर्चीत टेकले, पाव्हण्याकडं बघून हसले, आणि दोन बोटं नाकाखाली आडवी धरून त्या मिशीवाल्या हुकूमशहाची नक्कल केली. मग अंगठा वर करून म्हणाले, "लई कडक माणूस! व्हेरी गुड मॅन! आमच्याकडं असाच पायजे!" हेसुद्धा मान डोलवायला लागले. मुलानं हातातला कप खाली ठेवला. तोंड असं पांढरं पडलं त्याचं की मला वाटलं घेरी येते की काय. मग तो हळू बोलायला लागला आणि धाकटी मराठीतनं सांगायला लागली. त्याच्या गावात रस्त्यावर काही घरांपुढं छोट्या पितळी चकत्या बसवल्यात. त्या घरातनं ज्या माणसांना धरून नेऊन मारलं त्यांची नावं त्यावर आहेत. शाळेत असताना मुलं त्या घासून साफ करायची. त्याच्या वाट्याला एक नाव आलं होतं, ती चार वर्षांची मुलगी होती. "तो म्हणतोय, काका, त्या माणसाला माझ्यापुढं चांगलं म्हणू नका," धाकटी म्हणाली. मुलगा उठला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

काकांचा चेहरा पडला. मुलगा परत आत आला नाही तेव्हा हे म्हणाले, "बघितलं? केवढा विनय हाय!" मला इतका राग आला. विनय कसला? माणूस चिडला होता, दुखावला होता, आणि ह्यांना त्यातसुद्धा त्यांचा फिटरच दिसत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो मुलगा माणूस म्हणून दिसला. पण संशय गेला नाही. चिडणारा माणूस चांगला असतो, पण लपवणारा नसतोच असं थोडंच आहे?

दोन दिवसांनी धाकटी आणि हे साड्या बघायला महाद्वार रोडला गेले. थोरलीची ड्युटी दुपारनंतर होती, म्हणून ती घरी होती. मुलगा स्वयंपाकघरात खाली बसून माझ्याबरोबर लसूण सोलत होता. त्याला इंग्रजी येतं, मला येत नाही, थोरलीला येतं. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"विचार त्याला," मी थोरलीला म्हणाले, "रोज वर जाऊन कुणाशी बोलतो?"

"आई, बरं दिसतं का ते?"

"तुझ्या वेळी बरं दिसलं होतं. विचार."

थोरलीनं विचारलं. तो लसूण सोलायचा थांबला. आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं, आणि एकदम गोंधळला. मग बोलायला लागला. थोरली ऐकत होती.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मुलीशी बोलतो." थोरलीचा आवाज औषधाची चिठ्ठी वाचावी तसा सपाट होता. "त्याला एक मुलगी हाय. दुसरीत जाती. तिची आई आणि तो वेगळे झाले, कायद्यानं. मुलगी एक आठवडा आईकडं, एक आठवडा ह्याच्याकडं असती. रोज तिला गाणं म्हणून दाखवतो."

मी हातातली लसणाची पाकळी ताटात टाकली. "आणि हे आत्ता सांगतोय?"

थोरलीनं ते त्याला विचारलं की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, "तो म्हणतोय, पयल्याच फोनवर पप्पांना सांगितलं होतं. तुम्ही सगळ्यांना सांगा आणि मग मला बोलवा, असं म्हणालेला. तुला माहीत हाय असंच तो समजत होता. तू तिच्याबद्दल कधीच कायबी विचारत का न्हाईस, ह्याचंच त्याला नवल वाटत होतं."

मी थोरलीकडं बघितलं नाही. बघवलं नाही. तिनं पुढ्यातली टरफलं गोळा केली, सुपात भरली, आणि आणखी एक गड्डा फोडायला घेतला. तो मुलगा बिचारा एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. आपल्या हातनं काय झालं ते त्याला कळत नव्हतं.

हे दोघं परत आले ते पिशव्या घेऊन हसत. मी ह्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"पोरगी हाय त्याला. तुम्हाला माहीत होतं."

धाकटीच्या हातातली पिशवी खाली आली. "पप्पा! आईला सांगितलंय म्हणून तुम्हीच म्हणाला होतात मला! तिला चालतंय म्हणाला होतात!"

हे एकदा माझ्याकडं, एकदा भिंतीकडं बघायला लागले. मग अंगावरच आले. "मग? लपवलं काय त्यानं? सवताहून सांगितलं! पयल्या फोनवर! असा माणूस मिळतो व्हय आपल्यात? जर्मन हाय म्हणून सांगितलं."

"त्या डॉक्टरानंपण सांगितलं होतं," मी म्हणाले. "पहिल्या चहाला. सवताहून. त्याला तर पोरबाळपण नव्हतं."

"ते येगळं."

"काय वेगळं? सांगा की. मला खुळीला समजू दे."

"तिकडं चालतं तसलं. तिकडची रीत हाय ती. कुणी नावं ठेवत न्हाय."

"तिकडं बाई गेली तर रीत, आणि राधानगरीत गेली तर घरात खोट?"

एवढी वर्षं ह्या माणसाला मी ओळखते, उत्तर नसलं की आवाज चढतो. ह्या वेळी चढला नाही. ते खुर्चीवर बसले. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, धाकटी रडत होती, आणि थोरली मोरीत हात धूत होती. तिनं हात धुतले, पुसले, डबा भरायला घेतला. ह्यांनी तिच्या पाठीकडं बघितलं. किती तरी वर्षांनी मी त्यांना असं तिच्याकडं बघताना बघितलं.

"बाळ," ते म्हणाले, "मी उद्या जातो राधानगरीला. त्या डॉक्टरला भेटतो. बोलतो त्याच्याशी."

माझा जीव एकदम सुपाएवढा झाला. खोटं कशाला सांगू, तेवढ्यात मी मनात लग्नाची तारीखसुद्धा काढायला लागले होते, दोघींचं एकाच मांडवात.

"नका जाऊ," थोरली म्हणाली.

"का गं? ऐकंल की तो."

"लगीन झालं त्यांचं. दिवाळीनंतर." तिनं डब्याचं झाकण लावलं. "दुकानात येऊन पत्रिका दिलीती. मी जाऊन आले."

"कधी गेलतीस?" मी विचारलं.

"तुला म्हटलं न्हवतं का, एका मैत्रिणीकडं जेवाण हाय म्हणून? त्या दिवशी."

मला तो दिवस आठवला. आधी सांगायला काय होतं, पीठ मळून बसले की मी, आता ह्या भाकरी कुणाच्या गळ्यात घालू, असं मी तिला त्या दिवशी दारातच बोलले होते. ती हसून म्हणाली होती, सकाळी खाईन की. आणि सकाळी दुधात कुस्करून खाल्ल्या होत्या तिनं, सगळ्या.

मुलानं धाकटीला हळूच काहीतरी विचारलं, बहुतेक काय झालं म्हणून. धाकटीला बोलवेना. मग थोरलीनंच त्याला इंग्रजीत सांगितलं, दोन-तीन वाक्यांत, जेवढं सांगायचं तेवढं. तो ऐकत राहिला. मग दोन पावलं पुढं आला आणि तिला म्हणाला, "सॉरी." तेवढं मला कळलं. एवढ्या वर्षांत हा शब्द आमच्या घरात तिला कुणीच म्हटला नव्हता. ह्यांनी नाही. मीही नाही.

ह्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. काय बोलणार ते मला पाठ होतं.

"जर्मन हा शब्द आत्ता तोंडातनं काढला तर बघा," मी म्हणाले.

त्यांनी तोंड मिटलं. थोरलीनं पर्स खांद्याला लावली, दारात वाकून चपला घातल्या, आणि आमच्याकडं पाठ असतानाच म्हणाली, "पप्पा, हिचं तरी मोडू नका." मग ड्युटीची वेळ झाली म्हणून ती गेली.